हिरवा चौकोन

१

सात नंबरच्या खाटेवरची बाई दुपारी दोन वाजून सात मिनिटांनी गेली आणि ती गेल्याचं दोन वाजून एकोणीस मिनिटांनी कळलं. मधली बारा मिनिटं कुणाच्या पदरात घालायची, एवढाच या गोष्टीतला प्रश्न आहे.

बाई शाळेत भूगोल शिकवायची. वय सेहेचाळीस. हृदयाचा झटका येऊन अकरा दिवस झाले होते आणि दुसऱ्या दिवशी तिला घरी सोडणार होते. तिला आणलं तेव्हा घाईत पायात काही घालायचं राहून गेलं होतं, म्हणून नवरा तिच्यासाठी नव्या चपला आणायला गेला होता. तो परत आला तेव्हा खाटेभोवती पडदा ओढलेला होता.

खाटेजवळच्या मॉनिटरने आपलं काम चोख केलं होतं. दोन वाजून सात मिनिटांनी त्याने हृदयाची गडबड ओळखली आणि काउंटरवरच्या कॉम्प्युटरला अलार्म पाठवला, तोच अलार्म, एकदा नाही, तीनदा. त्याच्या पोटातल्या नोंदीत तसं स्वच्छ लिहिलेलं होतं. काउंटर तिथून बारा पावलांवर. तिथे एक सिस्टर बसली होती आणि तिने काही ऐकलं नाही, काही पाहिलं नाही. शेवटी लादी पुसत आलेल्या आयाला बाईचा हात खाटेखाली लोंबताना दिसला. आयाने जबानीत एवढंच सांगितलं की सिस्टरची मान खाली होती.

मान खाली होती. एवढ्यावर एका पोरीची कारकीर्द बुडायला निघाली. हॉस्पिटलने तिला घरी बसवलं, चौकशी समिती नेमली आणि पुढच्या गुरुवारी सकाळी अकराची वेळ दिली. सिस्टर झोपली होती असं समितीने ठरवलं, तर तिचा परवाना जाणार होता.

मी कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवतो. लोक मला पक्कड म्हणतात. एकदा धरलं की सोडत नाही म्हणून म्हणतात असा माझा समज आहे. बायकोचा समज वेगळा आहे. तर त्या आठवड्यात माझ्या दुकानात तारमामा आले. तारमामा म्हणजे त्याच हॉस्पिटलचे जुने तंत्रज्ञ, एकतीस वर्षं तिथल्या एकूण एक तारेवर त्यांचा हात फिरलेला, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालेले. मी त्यांच्या हाताखाली आठ वर्षं होतो. जे काही येतं ते त्यांनी शिकवलेलं. तीन प्रतींत अर्ज लिहिण्याचा मला जन्माचा कंटाळा, म्हणून पंधरा वर्षांपूर्वी नोकरी सोडून दुकान टाकलं.

काउंटरवरची ती सिस्टर त्यांची मुलगी.

त्यांनी खुर्ची घेतली नाही. उभ्या उभ्याच बोलले. "माझी लेक कामावर डोळा मिटणारी नाही. त्या यंत्रात कुणीतरी काहीतरी केलंय. तू शोध. जो कुणी असेल, अगदी कुणीही असो, मी त्याला सोडणार नाही."

मी हो म्हणालो. अशा माणसाला नाही म्हणायला जीभ रेटत नाही. लेकीच्या बाजूने यंत्रं तपासायची परवानगी समितीने मला दिली.

२

लेक स्वयंपाकघरात बसली होती. समोर निवडायला घेतलेली भाजी होती आणि ती निवडलेल्यातली पानं पुन्हा न निवडलेल्यात टाकत होती. लहानपणी ही माझ्या अवजारांच्या पेटीत बसून स्क्रू मोजायची. आता तिशीला आलेली, कामात अशी की मोठे डॉक्टर राउंडला हिलाच सोबत घ्यायचे.

तिने सगळं सरळ सांगितलं. काउंटरच्या पडद्यावर बारा खाटांचे बारा चौकोन असतात. मॉनिटर चालू असून जोडलेला असेल तर चौकोन हिरवा. अलार्म आला की लाल होतो, मोठ्याने वाजतं आणि शेजारी हृदयाच्या रेषेची पट्टी उमटते. त्या दुपारी बाराच्या बारा चौकोन हिरवे होते. खाटेजवळची घंटा दुपारी एक ते चार अगदी बारीक ठेवायची, म्हणजे पेशंट झोपतात, अशी वॉर्डाची पद्धत. काउंटरचा आवाज मात्र पूर्ण मोठा होता. मान खाली होती कारण ती औषधांचा तक्ता भरत होती.

मी तक्ता पाहिला होता. त्यात बाराही खाटांपुढे वेळ 'दोन' लिहिलेली. सिस्टर लोक राउंडची वेळ लिहितात, लिहिण्याची नव्हे. म्हणजे तक्ता दोनला भरला की सव्वादोनला, की आया ओरडल्यावर, हे तो सांगू शकत नव्हता.

"पडद्याकडे तू कधी पाहिलंस?" मी विचारलं.

"सारखी पाहते, काका. सवयच आहे." मग तिने भाजी बाजूला सारली. "खरं सांगू का, नोकरीचं आता काही वाटत नाही. जायची तर जाऊ दे. मला फक्त एवढं कळायला हवं की मी जागी होते. आठ दिवस सगळे विचारतायत, नक्की डोळा लागला नाही ना? सारखं ऐकून ऐकून मला ती बारा मिनिटं आठवेनाशी झालीयेत. आता आठवायला गेलं की मला मीच झोपलेली दिसते."

मी भाजी माझ्याकडे ओढली आणि निवडायला लागलो.

३

संशयित मोजायला एका हाताची बोटं पुरली.

पहिल्या मेट्रनबाई. दुपारी घंटा बारीक ठेवा हा हुकूम त्यांचा, आणि तो कुठेही लिहिलेला नव्हता. मी विचारल्यावर त्या नाकाने कांदे सोलू लागल्या. त्यांच्या वॉर्डात लेखी नियमाबाहेर काही होत नाही, म्हणे. मी म्हणालो की मग बाराही मॉनिटरच्या घंटा रोज एकाच वेळी आपोआप बारीक होत असतील, मोठं नवल आहे. त्यावर त्यांनी खिडकी लावून घेतली आणि हळू आवाजात कबूल केलं की तोंडी सांगितलं होतं. पण काउंटरवर आवाज येतोच, या भरवशावर. त्यांच्या पदरात थोडं पाप पडलं, पण बारा मिनिटं नाही पडली.

दुसरा हॉस्पिटलचा कॉम्प्युटर इंजिनिअर. हा तीन महिन्यांपूर्वी रुजू झालेला, इस्त्रीचा सदरा, गळ्यात ओळखपत्र, बोलण्यात घाई. बाई जाण्याच्या नऊ दिवस आधी त्याने काउंटरच्या मशीनवर जुनी ऑपरेटिंग सिस्टिम काढून नवी बसवली होती. माझा सगळा संशय तिथेच जाऊन बसला. नवं बसवलं आणि नऊ दिवसांत माणूस गेलं, तर आधी नव्याचीच मानगूट धरायची.

पण तो तयारीत होता. त्याने कपाटातून कागद काढला. नवी सिस्टिम बसवल्यावर त्याने सातही मॉनिटरवरून... म्हणजे बाराही, त्यानेच चूक सुधारली, बाराही मॉनिटरवरून काउंटरला पिंग केलं होतं. पिंग म्हणजे एका मशीनने दुसऱ्याला 'आहेस का' विचारायचं आणि दुसऱ्याने 'आहे' म्हणायचं. प्रत्येकी शंभर वेळा. शंभरपैकी शंभर उत्तरं आलेली. बाई गेल्यावर त्याने पुन्हा केलं. पुन्हा शंभरपैकी शंभर. दोन्ही कागदांवर तारीख, वेळ, सही.

"नेटवर्क ठणठणीत आहे," तो म्हणाला. "अलार्म निघाला तर तो पोचलाच असणार. बटण दाबलं की तो पडद्यावरून पुसला जातो; ते कुणी दाबलं, हे मशीनला नका विचारू."

तो कागद पाहून मी जिना उतरलो तेव्हा मलाही क्षणभर ती झोपलेली दिसली.

४

माझी खोड अशी की यंत्र कळलं नाही तर मी माणसांच्या वह्या वाचतो. काउंटरवर एक लांबडी वही असते. पडद्यावर कुठल्या खाटेचा कसला अलार्म आला आणि सिस्टरने काय केलं, ते तीत लिहायचं; खाटेशीच दाबून बंद केलेले लिहीत नसत. ही वही सगळ्या सिस्टर लिहितात, मन लावून, कारण ड्युटी बदलताना ती दाखवावी लागते.

नव्या सिस्टिमच्या नऊ दिवसांत एक्केचाळीस अलार्म आले होते. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस एकाच जातीचे: छातीवरची वायर निघाली. मग मी त्याआधीचे नऊ दिवस काढले. तिथे वायर निघाल्याचे अडतीस आणि हृदयाच्या गडबडीचे चौदा. त्याआधीच्या नऊ दिवसांत तेरा. मागे मागे गेलो तरी हाच हिशेब. नवी सिस्टिम आली आणि वॉर्डातली बाराही हृदयं एकदम शहाण्यासारखी वागू लागली. सिस्टर आपसांत म्हणायच्या की आठवडा बरा चाललाय.

वायर निघाल्याचा अलार्म कसा असतो? दोन शब्दांचा. 'वायर निघाली.' हृदयाचा अलार्म कसा असतो? त्याच्यासोबत रेषेची अख्खी पट्टी येते. एक चिठ्ठी आहे आणि दुसरं पार्सल. आणि चौकोन हिरवा ठेवणारा 'मी आहे' हा निरोप तर चिठ्ठीपेक्षाही लहान. तो चौकोन मशीन जिवंत असल्याचं सांगतो, माणूस जिवंत असल्याचं नाही.

मी इंजिनिअरला खाली बोलावलं. त्याच्या पिंगचा निरोप किती मोठा होता ते विचारलं. तो म्हणाला, नेहमीचा, लहानच असतो. मी म्हणालो, आता मोठा पाठवू, पट्टीएवढा. त्याने खांदे उडवले आणि सात नंबरच्या मॉनिटरवरून माझ्यासमोर शंभर निरोप सोडले.

आम्ही दोघं पडद्याकडे पाहत राहिलो. शंभरपैकी एकही पोचला नाही. तेवढा वेळ सात नंबरचा चौकोन हिरवागार होता.

 इंजिनिअर म्हणाला की त्याला एक फोन करायचाय, आणि गेला तो परत आला नाही. मी मेट्रनबाईंना गाठून सांगितलं की खाटेजवळच्या घंटा काही झालं तरी बारीक करू नका. त्या म्हणाल्या की बाई गेल्यापासून त्या मोठ्याच आहेत.

५

शनिवार होता. मी काउंटरचं मशीन बंद केलं आणि खोलून पाहिलं. त्याआधी सुरू होतानाच्या ओळी वाचल्या होत्या.

इथे जरा समजून घ्या, अवघड नाही. ऑपरेटिंग सिस्टिमचा जो गाभा असतो त्याला कर्नल म्हणतात. मशीन सुरू झालं की तो प्रत्येक कार्डाला विचारतो, तू कोण? कार्ड आपल्या पोटात लिहिलेला आकडा सांगतं. कर्नल तो आकडा यादीत शोधतो आणि त्याप्रमाणे कार्ड चालवतो. तो दारावरच्या पहारेकऱ्यासारखा आहे. छातीवरची पाटी वाचून आत सोडतो, तोंड ओळखत नाही.

मॉनिटरचे निरोप घेणाऱ्या या नेटवर्क कार्डाने कर्नलला सांगितलं होतं की मी थोरला. पण कार्ड काढून हातात घेतलं तर चिपवर धाकट्याचं नाव छापलेलं. एकाच कंपनीची दोन कार्डं, दिसायला वागायला सारखी, फक्त धाकट्याची आतली जागा थोरल्याच्या निम्मी. जुना कर्नल दोघांनाही जपून, थोडं थोडं वाढायचा, त्यामुळे खोटी पाटी खपून गेली. नवा कर्नल थोरला म्हटल्यावर थोरल्याचं माप वाढू लागला. चिठ्ठ्या मावल्या, पार्सलं सांडली. तक्रार कुठेच नाही, कारण कर्नलच्या मते सगळं व्यवस्थित होतं.

म्हणजे लेक जागी होती. तिच्यापर्यंत काही आलंच नव्हतं.

मला एवढा आनंद झाला की मी तिथेच कार्ड खिशात टाकलं, दुकानातून आणलेलं नवं कार्ड त्या जागी बसवलं आणि मोठा निरोप सोडून पाहिला. शंभरपैकी शंभर. आता फक्त त्या कार्डाला खोटं नाव कुणी दिलं ते शोधायचं होतं.

इंजिनिअरने दिलं नव्हतं. कार्डाचा स्क्रू गंजलेला, धुळीचा थर पापुद्र्यासारखा निघत होता. ते तिथे पाच-सहा वर्षं तरी बसलेलं होतं. माल विकणाऱ्याने फसवलं म्हणावं, तर त्याने वरची छपाई बदलली असती. इथे छपाई खरी आणि पोट खोटं, उलटा कारभार. शिवाय आणखी एक गोष्ट होती. प्रत्येक कार्डाला कारखान्यातून एक पत्ता मिळतो, जगात दुसऱ्या कुणाला नसलेला. या कार्डाच्या स्टिकरवरचा पत्ता एक आणि कर्नलला सांगितलेला दुसरा, शेवटी आठ. कुणीतरी पोटातलं सगळं खोडून नव्याने लिहिलं होतं.

मी स्टोअरमध्ये गेलो. स्टोअरकीपर म्हातारा, निवृत्तीला सहा महिने उरलेला, नेहमी माझ्याशी चेष्टामस्करी करणारा. मी तशीच कार्डं मागितली. त्याने मागच्या फळीवरून पुठ्ठ्याची पेटी काढली. आत तीन कार्डं होती, कापडात नीट गुंडाळलेली. ही कुणी ठेवली, असं विचारलं तर म्हणाला, जुना माल आहे, आठवत नाही. ज्याला चौदा वर्षांपूर्वीच्या ट्यूबलाइटची तारीख आठवते त्याला हे आठवत नव्हतं, आणि तो माझ्याकडे न पाहता पावती पुस्तक चाळत होता.

पावती फाडू का, त्याने विचारलं. मी म्हणालो, राहू दे रे, कोण बघतंय. आणि तीनही कार्डं पिशवीत टाकली.

६

कार्डाच्या पोटातलं वाचायला एक छोटं यंत्र लागतं. हल्ली असलं कुणी ठेवत नाही. तारमामांकडे होतं. मी थेट तिथेच गेलो.

काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण मी शेकडो वेळा वापरली असेल. त्या दुपारी ती मला सुचली नाही.

मामांनी टेबल आवरलं, चष्मा पुसला. मी जिन्यातच ओरडून सांगितलं होतं की पोरगी सुटली. लेक हॉस्पिटलच्या वकिलाकडे कसल्या सह्या करायला गेली होती. मी सगळं भरभर सांगत होतो: चिठ्ठ्या, पार्सलं, थोरला, धाकटा. बोलण्याच्या नादात मी त्यांच्याकडे पाहत नव्हतो. पेटीतलं पहिलं कार्ड त्यांनीच यंत्राला लावलं. पत्ता आला, शेवटी अकरा. स्टिकरवर भलतंच काही. दुसरं लावलं. शेवटी बारा.

"बघा," मी म्हणालो, "कुणीतरी ओळीने नंबर टाकलेत. काउंटरवरचं आठ. म्हणजे निदान बारा कार्डं तरी केलीत या हरामखोराने."

मामांनी तिसरं कार्ड हातात घेतलं. ते यंत्राला लावलं नाही. ते कापडात परत गुंडाळलं आणि टेबलावर ठेवलं.

"तेरा असेल," ते म्हणाले.

मला समजायला वेळ लागला. समजल्यावर मी बसलो.

मग त्यांनी सांगितलं. सहा वर्षांपूर्वी वीज पडून हॉस्पिटलची जुनी कार्डं जळाली होती. कंपनीने थोरला बनवणं बंद केलेलं, बाजारात फक्त धाकटा. आणि वॉर्डातला तेव्हाचा प्रोग्रॅम थोरल्याचा आकडा पाहिल्याशिवाय सुरूच व्हायचा नाही. वॉर्ड बंद ठेवायचा की काय, अशी पाळी आली. मामांनी दोन दिवस बसून तेरा धाकट्यांच्या पोटात थोरल्याचा आकडा लिहिला. तेव्हाच्या मोठ्या साहेबांना विचारलं होतं. साहेब म्हणाले, चालतंय ना, मग करा, कागद नको. ते साहेब आता हयात नाहीत. निवृत्तीच्या दिवशी भाषणात सगळ्यांनी हीच गोष्ट सांगितली होती, मामांनी वॉर्ड बंद पडू दिला नाही म्हणून; कसा, ते स्टोअरकीपर सोडला तर कुणाला ठाऊक नव्हतं. स्टोअरकीपरने त्यांचंच नाव मूग गिळून झाकलं होतं.

"जुन्यावर मी महिनाभर तपासलं होतं रे," मामा म्हणाले. "नवं कुणी बसवेल तेव्हा काय, हे डोक्यातच आलं नाही. एक चिठ्ठी तरी चिकटवायची."

 बोलण्यासारखं एकच होतं आणि ते मला म्हणायचं नव्हतं. ते त्यांनीच म्हटलं.

"त्या बाईला मी मारलं. आणि माझी लेक घरी बसलीय." ते उठून खिडकीशी गेले. "गुरुवारी मी सांगणार. तू पुरावे मांड, मी कबूल करतो. ती सुटेल."

त्यांच्या आवाजात दुःख होतं, पण त्याहून मोठी सुटका होती. निदान बाप म्हणून अजून एक गोष्ट करता येण्यासारखी उरली होती.

७

गुरुवारी अकरा वाजता लांब टेबलामागे समितीचे तिघं बसले. अध्यक्ष म्हणजे एक निवृत्त सर्जन, शांत, सभ्य माणूस. तो दुष्ट असता तर मला सोपं गेलं असतं. एका कोपऱ्यात मेलेल्या बाईचा नवरा, दुसऱ्या कोपऱ्यात लेक.

मी सगळं मांडलं. तासभर बोललो आणि चांगलं बोललो. मग मामा उभे राहिले आणि त्यांनी कबुली दिली.  अध्यक्षांनी चष्मा काढला आणि मला विचारायला सुरुवात केली.

काउंटरच्या मशीनमधलं कार्ड कुणी काढलं? मी. समोर कोण होतं? कुणी नाही. काढल्याची नोंद? नाही. स्टोअरमधली तीन कार्डं, त्यांची पावती? नाही. ती कुणी ठेवली, स्टोअरकीपर सांगतो? त्याला आठवत नाही. कार्डं काढल्यावर कुठे नेली? मामांच्या घरी. तिथे काय आहे? कार्डाच्या पोटातलं वाचायचं यंत्र.

"त्या यंत्राने लिहिताही येतं?"

"येतं," मामांनी उत्तर दिलं.

"किती वेळ लागतो?"

खोटं बोलायची तीच एक वेळ होती. पण मामांनी आयुष्यात कधी यंत्राबद्दल खोटं सांगितलं नव्हतं. "दोन मिनिटं," ते म्हणाले.

अध्यक्षांनी हळूच मान हलवली. मग इंजिनिअरला विचारलं, इतर वॉर्डांत अशी कार्डं आहेत का? होती, तो म्हणाला. सोमवारी वरून हुकूम आला म्हणून सुरक्षिततेसाठी सगळी बदलली आणि जुनी मोडीत काढून चुरा केला. काउंटरच्या मशीनवर सिस्टिमही नव्याने टाकली, त्यामुळे आधीच्या नोंदी गेल्या. मशीन सुरू होतानाच्या ओळींचा फोटो मी काढलाय का, असं मला विचारलं. मला सुचलंच नव्हतं. शंभरपैकी शून्याचा प्रयोग? इंजिनिअर म्हणाला, काहीतरी अडत होतं खरं, पण पक्कड साहेब तारा हलवत होते, एखादी सैल झाली असेल. हे तो टेबलाच्या कडेकडे पाहत म्हणाला. वहीतले एक्केचाळीस अलार्म? त्या नऊ दिवसांत पेशंट बरे होते, हा काही गुन्हा नाही. मॉनिटरच्या नोंदी मी स्वतःच तपासल्या होत्या. खाटेजवळचं ते मशीन फक्त शेवटचा अलार्म लक्षात ठेवतं, नऊ दिवसांचे नाही.

शेवटी अध्यक्ष मामांकडे वळले. त्यांचा आवाज खरोखरच मऊ होता. "तुमच्या जागी मी असतो तर मीही असंच काहीतरी सांगितलं असतं. मलाही मुलगी आहे."

"पण हे खरं आहे," मामा म्हणाले. "साहेब, मला शिक्षा द्या. मीच लिहिलंय."

दुसऱ्या सदस्याने त्यांना पाण्याचा ग्लास दिला. मामा तो घेईनात. मग त्यांनी मेलेल्या बाईच्या नवऱ्यापुढे हात जोडले आणि तेच पुन्हा सांगितलं. नवरा उठून बाहेर गेला.

पुरावा माझा होता आणि तो माझ्याच आळसाने वाया गेला होता. एक पावती, एक साक्षीदार, एक सही. मामांनी आठ वर्षं कानीकपाळी ओरडून जे सांगितलं ते मी त्यांच्याच लेकीसाठी केलं नाही. मला त्या खोलीत मान वर करवेना.

निकाल अर्ध्या तासात आला. कामात निष्काळजीपणा, परवाना रद्द. खाली एक ओळ होती की वडिलांच्या भावना समिती समजू शकते.

८

बाहेर पायऱ्यांवर ऊन होतं. मामा फाटकाकडे पुढे गेले होते. लेक माझ्याजवळ थांबली. रडली नव्हती.

"काका, एकच विचारते. मी जागी होते?"

"होतीस," मी म्हणालो. "शपथेवर सांगतो. तुझ्यापर्यंत अलार्म आलाच नाही."

"आणि बाबांनी आत सांगितलं ते खरं?"

"अक्षर न् अक्षर."

तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं. तिला विश्वास ठेवायचा होता, हे मला दिसत होतं. माझ्या आयुष्यात मी कुणाला काही पटावं म्हणून इतकी तळमळ केली नसेल.

"जो माणूस कार्डाला दुसऱ्याचं नाव देऊ शकतो," ती म्हणाली, "तो माझ्यासाठी दुसऱ्याचा दोष स्वतःला नाही का देणार?"

मी म्हणालो, दुकानात चल, आत्ता चल, तुझ्या डोळ्यांसमोर कार्ड लावतो, निरोप पोचत नाहीत ते दाखवतो.

"दाखवाल. तुम्हाला दोघांनाही हवं ते दाखवता येतं." तिने माझ्या बाहीवर हात ठेवला, मलाच धीर द्यायला. "तुम्ही त्यांचे मित्र, काका. तुम्ही आणखी काय सांगणार?"

 खरं सांगणारी माणसं जगात दोनच होती, आणि तिच्यावर माया करणारीही तीच दोन.

फाटकाशी मामा वळून उभे होते. आम्ही जवळ गेलो तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. "त्यांना नाही पटलं तर नाही पटलं," ते लेकीला म्हणाले. "तुला तरी पटलं ना, बाळ?"

"हो बाबा," ती म्हणाली. "पटलं."

मामांनी तिच्याकडे एकदा नीट पाहिलं. मग त्यांनी मान खाली घातली आणि तिच्या हातातली फाइल घेऊन ते चालू लागले.